कट्टा, पंचनामा आणि वकील

पुण्यातील टोळ्यांच्या हाती सापडणाऱ्या गावठी पिस्तुलांचा माग काढीत पुणे पोलिसांचे पथक २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात सातपुड्याच्या कुशीतील उमरटी या गावी जाऊन थडकले आणि तेथल्या भट्ट्या त्याने उद्ध्वस्त केल्या. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत याच भागात चोपड्याच्या पोलिसांवर हल्ला होऊन त्यांच्यातील एकाला पळवून नेण्यात आले होते व त्याच्या सुटकेसाठी दोन राज्यांच्या पोलिसांना धावपळ करावी लागली होती. उमरटी हे गाव बडवानी जिल्ह्यातले. परंतु हा धंदा एका गावाचा नाही आणि एका जिल्ह्याचाही नाही. बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूर आणि धार या चार जिल्ह्यांत शिकलीगरांच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत व त्या सर्वांवर पोलिसांची नजर आहे. धार जिल्ह्यातील गंधवानी-मनावरच्या बाजूला लोखंड तापते आणि आग्रा-मुंबई रस्त्याने जे निघते त्यातले काही उत्तरेकडे जाताना देवासच्या नाक्यावर सापडते, असा तेथील पोलिसांचा नेहमीचा अनुभव आहे. एक जिल्हा घडविणाऱ्यांचा आणि दुसरा वाहून नेणाऱ्यांचा. दोन्हीकडच्या न्यायालयांत मात्र कलम एकच, शस्त्र अधिनियमाचे पंचविसावे.

पिस्तूल पकडल्याची बातमी आम्ही छापतो, वाचक वाचतात आणि विसरतात. आरोपी रांगेने उभे, तोंडाला फडके बांधलेले, समोर मेजावर कट्टे मांडलेले आणि मागे अधिकारीवर्ग, असे छायाचित्र असते. पुढे त्या माणसांचे काय होते, त्यांचा बचाव कोण करतो, करतो की नाही, याची वार्ता कोणतेही वृत्तपत्र देत नाही. आम्हीही दिलेली नाही. आज लिहावयाचे आहे ते या राहून गेलेल्या उत्तरार्धाविषयी.

धार आणि देवास ही नावे मराठी कानाला परकी नाहीत. दोन्ही ठिकाणी पवारांच्या गाद्या होत्या. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदत होती. कुमार गंधर्वांनी १९४८ साली प्रकृतीच्या कारणास्तव देवासला बिऱ्हाड केले आणि अखेरपर्यंत ते तेथेच राहिले, त्यामुळे ते गाव आपल्याला अधिकच जवळचे. १८५७ साली धारच्या किल्ल्यात अरब, मकराणी आणि रोहिले शिबंदीने ठाण मांडले, इंग्रजांनी ऑक्टोबरात किल्ल्याला वेढा घातला आणि पुढे संस्थानच खालसा केले. ते परत मिळाले १८६० मध्ये. म्हणजे कोणाच्या हातात बंदूक असावी या प्रश्नापायी राज्य गमावण्याचा अनुभवही या भूमीच्या गाठीशी आहे.

त्यानंतर १८७८ चा शस्त्रांचा कायदा आला. गोऱ्या माणसाला बहुतांशी मोकळीक आणि काळ्या माणसाला परवान्याचा जाच, हे त्याचे स्वरूप होते; राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांची जी यादी संमत झाली तीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीपुढे मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामत यांनी तो हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. समितीने ती स्वीकारली नाही आणि आमच्या मते ते योग्यच केले. फाळणीच्या रक्ताचे डाग त्या वेळी वाळले नव्हते. शस्त्रे हा विषय केंद्राच्या सूचीत गेला, संसदेने १९५९ चा अधिनियम केला, तो १९६२ पासून अमलात आला, आणि धारपासून दोनापावलापर्यंत आज तोच लागू आहे.

सांगण्याचा हेतू हा की, बिनपरवाना शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे याबद्दल आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. गावठी कट्ट्याने ज्यांच्या घरातला कर्ता पुरुष गेला त्यांना शिकलीगरांच्या दारिद्र्याची कथा ऐकविण्यात अर्थ नाही. तेव्हा वाद कायद्याच्या उद्देशाशी नाही. आमचा वाद आहे तो सिद्धतेशी.

२०१९ च्या डिसेंबरात संसदेने या अधिनियमात दुरुस्ती केली. बिनपरवाना साधे अग्निशस्त्र जवळ सापडले तर पूर्वी किमान एक आणि कमाल तीन वर्षे कारावास होता. तो किमान दोन आणि कमाल पाच वर्षे झाला. निषिद्ध वर्गातील शस्त्रासाठी पाच ते दहा वर्षे होती, ती सात ते चौदा झाली. बेकायदा निर्मिती वा विक्रीसाठी तीन ते सात वर्षे होती, तेथे किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आली. साध्या शस्त्राच्या बाबतीत विशेष कारणे नोंदवून किमान शिक्षेहून कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशाला आहे, पण ती कारणे त्याच्यापुढे कोणीतरी मांडावी लागतात. शिक्षा वाढविणे हे सरकारच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त काम असते. तपास सुधारावयाचा तर माणसे लागतात, प्रयोगशाळा लागतात, वेळ लागतो. शिक्षा वाढवावयाची तर राजपत्राचा एक अंक पुरतो. जो पंचनामा एका वर्षाच्या शिक्षेसाठी कसाबसा पुरत होता तोच, त्याच शिळ्या मजकुराचा आणि त्याच ठराविक पंचांचा, आता जन्मठेपेच्या कलमाखाली न्यायालयापुढे येतो.

हा पंचनामा कसा होतो हे ज्यांनी जिल्हा न्यायालयाच्या ओट्यावर चार दिवस काढले आहेत त्यांना नव्याने सांगावयास नको. 'खबऱ्याकडून माहिती मिळाली', 'घेराव घालून पकडले', 'कमरेला खोचलेला कट्टा व खिशात जिवंत काडतूस मिळाले'. माणसे बदलतात, वाक्ये बदलत नाहीत. परिसरातील दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच असावेत असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ठाण्याच्या जवळचा पानवाला किंवा पोलिसांच्या गाडीवर बदली चालक म्हणून जाणारा इसम हाच अनेक पंचनाम्यांत पुनःपुन्हा भेटतो, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात आल्यावर 'सही ठाण्यात घेतली, माझ्यासमोर काही झाले नाही' असे सांगून मोकळा होतो. केवळ पोलीस आहेत म्हणून पोलिसांची साक्ष टाकून देता येत नाही, हे तत्त्व न्यायालयांनी घालून दिले आहे व ते रास्त आहे. मात्र त्या साक्षीची पारख करण्यासाठी उलटतपासणी करणारा कोणी तरी समोर उभा असावा लागतो. तोच नसला तर तत्त्वाचे रूपांतर शिरस्त्यात होते.

आता कायदा आरोपीला काय देतो ते पाहू, कारण तो काहीच देत नाही असा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. 'जवळ बाळगणे' या शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल विरुद्ध मध्यप्रदेश शासन या खटल्यात स्पष्ट केला. खटला मध्यप्रदेशातलाच, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे, की वस्तू जवळ असणे पुरेसे नाही. ती आपल्याजवळ आहे याची जाणीव हवी, आणि वस्तू प्रत्यक्ष हातात नसली तरी तिच्यावर सत्ता व नियंत्रण असले तर तोही ताबाच. हे दुधारी तत्त्व आहे. दुसऱ्याच्या हाती पिस्तूल ठेवून आपण नामानिराळे राहणाऱ्या मुकादमाला ते पकडते. उलट ज्याच्या गोणीत, ज्याच्या बैलगाडीत, ज्याच्या आसनाखाली कोणी दुसऱ्याने काही ठेवले त्याला ते सोडविते. मुंबईच्या बाँबस्फोट खटल्याच्या संदर्भात संजय दत्त प्रकरणी घटनापीठाने १९९४ मध्ये टाडा कायद्याचा अर्थ लावताना जाणीवपूर्वक ताब्याचे हेच सूत्र स्वीकारले. विमानतळावर पिशवीच्या तळाशी विसरलेले एखादे काडतूस निघालेल्या प्रवाशांवरील फिर्यादी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केल्या त्याही याच आधारे.

संजय दत्त यांचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट बोलून टाकतो. त्यांच्यावर टाडाखालील आरोप होता. त्यातून ते २००६ मध्ये सुटले आणि शस्त्र अधिनियमाखाली दोषी ठरले. सहा वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पाच वर्षांवर आणली व २०१६ च्या फेब्रुवारीत ते येरवड्याहून बाहेर आले. या सर्व काळात देशातील नामांकित कायदेपंडित त्यांच्या बाजूने उभे होते. पुष्कळांना त्याचा राग आला. आम्हांला आला नाही. प्रत्येक शब्दाचा कीस पडला, प्रत्येक पुरावा तावून सुलाखून घेतला गेला, शेवटी शिक्षा झालीच, आणि ती झाली तेव्हा ती पक्की होती. फौजदारी खटला असाच चालावयास हवा. आमची तक्रार एवढीच की गंधवानीच्या शिकलीगराचा किंवा बागलीच्या बारेला तरुणाचा खटला तसा चालत नाही.

वास्तविक बचावाची द्वारे पुष्कळ आहेत. अधिनियमाच्या ३९ व्या कलमानुसार तिसऱ्या कलमाखालील गुन्ह्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी घेतल्याखेरीज खटलाच उभा राहू शकत नाही. ही मंजुरी म्हणजे शिक्का मारणे नव्हे. अधिकाऱ्याने कागद वाचावे, शस्त्र डोळ्यांनी पाहावे, मग निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा आहे, आणि छापील नमुन्यात नाव व तारीख तेवढी भरून दिलेल्या मंजुरीपायी आरोपी सुटल्याची उदाहरणे कायद्याच्या अहवालांत आढळतात. जप्त शस्त्र त्याच जागी लाखेने मोहोरबंद झाले काय, मोहोरेचा नमुना कागदावर घेतला काय, मुद्देमालाच्या नोंदवहीतील तारीख आणि तपासणीची तारीख यांत अंतर किती, ते शस्त्र गोळी झाडण्यास समर्थ आहे हे कोणी व कसे तपासले, हे सारे प्रश्न साधेच आहेत. पुष्कळदा ही तपासणी त्याच जिल्ह्याच्या पोलीस दलातला आर्मोरर करतो व 'चालू स्थितीत' असे दोन शब्द लिहून देतो. त्याने गोळी झाडून पाहिली की नुसता घोडा ओढून पाहिला, हे विचारणारा वकील असेल तरच उत्तर मिळेल.

शिकलीगरांच्या प्रकरणांत आणखी एक प्रकार नेहमीचा आहे. आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना 'नाल्याच्या काठी पुरलेले पिस्तूल काढून देतो' असे निवेदन करतो आणि पोलीस ते काढून घेतात. पोलिसांपुढील कबुली पुराव्यात येत नाही, पण तिच्यामुळे जे सापडले तेवढ्यापुरता भाग येतो, हा नियम जुन्या पुरावा कायद्यात होता आणि २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. पण नाला सर्वांचा असतो. गुरे तेथे चरतात, बायका तेथे पाणी भरतात. अशा उघड्या जागेवर सापडलेल्या वस्तूचा ताबा एकाच्याच माथी मारता येईल काय? घरातून शस्त्र मिळाले तर ३५ वे कलम पुढे येते. एकत्र राहणाऱ्यांपैकी ज्याला ते शस्त्र तेथे असल्याची जाणीव होती असे मानण्यास कारण आहे तो, उलट सिद्ध होईपर्यंत, जबाबदार. एका खोलीच्या झोपडीत सासरा, दीर, नवरा आणि सून सारेच राहतात. जाणीव कोणाला होती हे कोण ठरविणार?

या संदर्भात वाड्यातल्या माणसाशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. धार-देवासच्या जुन्या मराठी घरांत दसऱ्याला शस्त्रपूजा होते. माळ्यावर एखादी तोड्याची बंदूक असते, आजोबांच्या आजोबांना दरबारातून मिळालेली. तिची नळी गंजलेली, तोडा कधीच नाहीसा झालेला. कायद्याने तिची सोय केलेली आहे. जुनाट बनावटीचे वा पुरातन मोलाचे आणि दुरुस्त करूनही चालू न शकणारे शस्त्र ४५ व्या कलमानुसार अधिनियमाच्या बाहेर राहते. शस्त्राचे सुटे, गौण भाग, जर ते जोडीच्या भागांसह वापरण्याचा हेतू नसेल तर, तेही बाहेर राहतात. वाड्यातल्या बंदुकीसाठी पहिली तरतूद सांगणारा वकील घरी चहाला येतो. लोहाराच्या ऐरणीशेजारी पडलेल्या नळीच्या तुकड्यासाठी दुसरी तरतूद सांगणारा त्या वस्तीत कोणी जात नाही. तो तुकडा नांगराच्या कामाचा होता की पिस्तुलाच्या, हा खरोखर पुराव्याने ठरण्याचा प्रश्न आहे. ठरतो मात्र तो आरोपीच्या जातीवरून.

शिकलीगर म्हणजे आपल्या सातारा-सांगलीकडच्या शिकलगारांचे नावबंधू. शस्त्रांना धार लावणे, पाणी देणे, झिलई करणे हा पिढीजात व्यवसाय. शीख गुरूंच्या सैन्याची शस्त्रे आपल्या पूर्वजांनी घडविली अशी मध्यप्रदेशातील शिकलीगरांची परंपरा सांगते. राजे गेले, शिबंदी गेली, कारखान्यांची भांडी आणि कोयते गावोगाव पोचले, आणि हातात कला राहिली पण तिला गिऱ्हाईक राहिले ते एकच, आणि तेही वाईट. मुख्य प्रवाहात आणण्याच्या घोषणा अनेक झाल्या, शरणागतीचे मेळावे झाले. लेथवर हात सफाईने चालविणाऱ्या या कारागिरांना पिथमपूरच्या कारखान्यांत काम का मिळू नये, हा प्रश्न आम्ही विचारतो. पिथमपूर धार जिल्ह्यातच आहे. तेथे यंत्रांचे सुटे भाग घडतात, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला तोच हात चोरून पिस्तूल घडवितो.

पण पुनर्वसन होईल तेव्हा होईल. खटले आज चालू आहेत. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. १९८७ च्या विधी सेवा अधिनियमानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. उपकार नव्हे, अधिकार. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली होसकोट प्रकरणी, महाराष्ट्रातल्याच खटल्यात, हे तत्त्व सांगितले, आणि १९८६ च्या सुकदास प्रकरणी त्यापुढे जाऊन म्हटले की, आरोपीने मागितला नाही म्हणून वकील न देता चालविलेला खटला टिकत नाही. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची नवी व्यवस्था सुरू झाली आहे, तिचे आम्ही स्वागत करतो. मात्र वकील हजेरीपुरता असून भागत नाही. पंचनामा हिंदीत, आरोपीची बोली भिली किंवा निमाडी, आणि रिमांडचा हुकूम पाच मिनिटांत, अशा वेळी वकिलाने काय करावे? पहिल्या रिमांडपूर्वी आरोपीशी त्याच्या भाषेत अर्धा तास बोलण्याची सोय झाली नाही, तर पुढची सारी उलटतपासणी अंधारात चाचपडण्यासारखी होते.

एखाद्या खळबळजनक गुन्ह्यानंतर 'या आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये' असा ठराव करण्याची खोड अनेक ठिकाणच्या वकील संघांना लागली आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरविले. गोमंतकीय वाचकाला याचे मोल वेगळे सांगावे लागू नये. मोहन रानडे यांनी १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला केला, जखमी अवस्थेत ते पकडले गेले आणि पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने त्यांना २६ वर्षांची सजा ठोठावली. गोवा मुक्त झाल्यावरही ते १९६९ च्या जानेवारीपर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. त्यांच्या हातातल्या शस्त्राची आणि आजच्या टोळीवाल्याच्या कट्ट्याची बरोबरी आम्ही स्वप्नातही करणार नाही. बरोबरी न्यायासनांची करावयाची आहे. आरोपीचे म्हणणे ऐकण्याआधीच ज्याचा निकाल ठरलेला असतो ते न्यायासन कसे असते, हे या किनाऱ्याने पाहिले आहे, आणि स्वतंत्र भारताचे न्यायासन त्याहून निराळे असावे यासाठीच तर एवढा खटाटोप झाला.

नव्या फौजदारी संहितेने एक चांगली गोष्ट केली आहे. झडती आणि जप्ती यांचे दृक्-श्राव्य चित्रण करून ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठविणे १०५ व्या कलमाने बंधनकारक केले आहे. धार व देवासच्या पोलिसांनी हे कलम मनापासून पाळले तर खोट्या पंचनाम्यांना आळा बसेल आणि खरे पंचनामे अभेद्य होतील. यात पोलिसांचेच हित अधिक. चित्रण नसेल तर का नाही याचा लेखी खुलासा न्यायालयांनी पहिल्याच तारखेला मागितला पाहिजे, आणि चित्रणाची प्रत आरोपीच्या वकिलाला मिळाली पाहिजे.

परंतु त्याच संहितेत एक खाच राहून गेली आहे आणि तिच्याकडे आमच्या खासदारांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधतो. ४७९ व्या कलमानुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला की त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. मात्र ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप ही एक शिक्षा सांगितली आहे तो यातून वगळला आहे. जुन्या संहितेत वगळलेला होता तो केवळ मृत्युदंडाचा गुन्हा. शस्त्रनिर्मितीला २०१९ पासून जन्मठेप लागू झाली, २०२४ मध्ये संहिता बदलली, आणि दोन दुरुस्त्यांच्या या सांध्यात भट्टीजवळ भाता ओढताना सापडलेला अठरा वर्षांचा पोरगा अडकला. त्याचा खटला कितीही वर्षे रेंगाळला तरी या कलमाचा दरवाजा त्याला बंद आहे. शिवाय निर्मितीच्या आरोपाला जिल्हादंडाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीचीही आवश्यकता नाही. त्याला पिस्तुले विकत घेऊन शहरात पुरविणारा दलाल केवळ 'जवळ सापडले' या आरोपाखाली पकडला जातो आणि कमाल पाच वर्षांच्या हिशेबाने वीस महिन्यांत सुटकेस पात्र ठरतो. संसदेला हे अभिप्रेत होते असे आम्हांला वाटत नाही. धार, खरगोन आणि जळगाव येथील लोकप्रतिनिधींनी एकत्र येऊन ४७९ व्या कलमातील दुरुस्तीचे विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे, आणि तोवर इंदूर खंडपीठाने आपल्या अधिकारक्षेत्रातील अशा कच्च्या कैद्यांची यादी जिल्हा न्यायाधीशांकडून मागवून घ्यावी.